बी.एस्सी. केमिस्ट्री (कोल्हापूर): नुसतं पाठ करून भागंना झालंय

निवृत्ती_चौक
रामराम मंडळी.

मी बी.एस्सी. भाग २ ला आहे, मेजर केमिस्ट्री. गाव शाहूवाडीकडं, सध्या मंगळवार पेठेत तिघं मिळून खोली घेऊन राहतोय. दहावीपर्यंत मराठी माध्यम. नीटला मार्क पडले नाहीत, इंजिनिअरिंगची फी घरच्यांना झेपणारी नव्हती, म्हणून इकडं आलो. लहानपणापासूनची आवड वगैरे काही नाही. पण पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला हात बसला आणि विषय बरा वाटायला लागला.

आता घोळ असा की ऑरगॅनिकच्या रिॲक्शन पाठ करतो आणि पंधरा दिवसांत पाटी कोरी. मार्कोव्हनिकॉव्ह, सेटझेफ, फ्रिडेल-क्राफ्ट्स, सगळी नावं डोक्यात एकमेकांत मिसळतात. फिजिकलमध्ये डेरिव्हेशन लिहून येतंय, पण उदाहरण सोडवायला घेतलं की उत्तर भलतंच. आणि घरी प्रत्येकाचा एकच प्रश्न, "हे करून पुढं काय?" मामा म्हणतोय साखर कारखान्यात लॅबला चिकटवतो. रूम पार्टनर म्हणतोय जॅम (आयआयटीतल्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) दे. जाणकारांनी जरा सांगावं.

खासबाग
मामा चिकटवतोय म्हणतोय आणि तू इथं विचारत बसलायस? नाद खुळा!
(गंमत करतोय भावा. मी कॉमर्सवाला, नुसता वाचायला बसलोय.)

रंकाळा_वेस
मी बरीच वर्षं ऑरगॅनिक शिकवते, म्हणून तेवढ्यापुरतं लिहिते.

नावं पाठ करणं आधी बंद कर. नाव हे शेवटी लावायचं लेबल आहे. रिॲक्शन समोर आली की एवढंच शोधायचं: इलेक्ट्रॉन कुठं जास्त आहेत, कुठं कमी आहेत, आणि सुटून जायला कोण तयार आहे. बाण नेहमी जास्तीकडून कमीकडं. माझ्याकडं येणारी निम्मी मुलं बाण उलटा काढतात, कारण पुस्तकातलं चित्र बघून तसंच्या तसं उतरवलेलं असतं, त्यात काय सरकतंय हे मनात आलेलंच नसतं.

एक उदाहरण देते, तुमच्याही प्रॅक्टिकलला असेलच: ॲसिटॅनिलाइडचं नायट्रेशन, म्हणजे रिंगवर नायट्रो ग्रुप चढवणं. आपल्याला शेवटी पॅरा-नायट्रोॲनिलिन हवं असतं. मग सरळ ॲनिलिनवरच नायट्रेटिंग मिश्रण (नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिड) का ओतत नाही? पाठ करणारा सांगतो, "ॲमिनो ग्रुप ऑर्थो-पॅरा डायरेक्टिंग असतो." म्हणजे नवा ग्रुप रिंगवर त्याच्या शेजारी (ऑर्थो) नाहीतर बरोबर समोर (पॅरा) बसतो, एक जागा सोडून (मेटा) नाही. बरोबर. पण त्या मिश्रणात सल्फ्युरिक ॲसिड आहे. नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनांची जोडी ॲसिडमधला प्रोटॉन उचलते आणि ॲनिलिनियम आयन तयार होतो. आता त्या नायट्रोजनवर धन भार आहे. तो रिंगला इलेक्ट्रॉन कुठून देणार? उलट ओढून घेतो. म्हणून सरळ ॲनिलिन घेतलं तर तब्बल ४७ टक्क्यांच्या आसपास मेटा मिळतं, शिवाय ऑक्सिडेशन होऊन डांबरासारखा चिकट काळा गाळ होतो तो वेगळाच.

म्हणून आधी ॲसिटिल ग्रुप लावायचा. नायट्रोजनची जोडी थोडी कार्बोनिलकडं गुंतते, प्रोटॉन घ्यायला तितकीशी मोकळी राहत नाही, पण रिंगला द्यायला पुरेशी उरते. वर हा ग्रुप आकारानं मोठा, शेजारच्या ऑर्थो जागेवर येणाऱ्याला अडचण. म्हणून मुख्य माल पॅरा. काम झालं की हायड्रोलिसिस करून ॲसिटिल काढून टाकायचा.

आता प्रयोगातली प्रत्येक कृती या गोष्टीला जोडून बघ. बर्फात ठेवून थेंबथेंब का घालतो? तापमान वर गेलं की दुसरा नायट्रो चढायला लागतो. सगळं बर्फाच्या चुऱ्यावर का ओततो? ॲसिड एकदम पातळ होऊन रिॲक्शन थांबते आणि घन पदार्थ बाहेर पडतो. अल्कोहोलमधून रिक्रिस्टलाइज करताना वरचं द्रावण पिवळं होतं, तो ऑर्थो. तो जास्त विरघळतो म्हणून गाळणीखाली जातो. गाळणीवर राहतो तो फिकट, जवळजवळ पांढरा पॅरा. मेल्टिंग पॉइंट २१४ अंशांच्या आसपास आला तर माल चोख. खाली घसरला तर ऑर्थो शिल्लक आहे, पुन्हा एकदा रिक्रिस्टलाइज कर.

एवढी एक रिॲक्शन अशी समजली की डायरेक्टिंग इफेक्ट, रेझोनन्स, स्टेरिक अडथळा, प्रोटेक्टिंग ग्रुप, सगळं एकाच धाग्यात आलं. वेगळं पाठ काय करायचं राहिलं सांग.

गणिती_गवळी
मॅडमना +१. फिजिकलचं मी सांगतो.

नव्वद टक्के पोरांचं गणित कच्चं नसतं, एककं कच्ची असतात. (नव्वद हा माझा अंदाज, कुठली पाहणी नाही. 😄) डेल्टा एच (उष्णतेतला बदल) किलोजूलमध्ये दिलेला असतो, डेल्टा एस (एन्ट्रॉपीतला बदल) जूलमध्ये. पोरगं दोन्ही आकडे उचलतं आणि सरळ सूत्रात (डेल्टा जी = डेल्टा एच वजा तापमान गुणिले डेल्टा एस) कोंबतं.

बर्फ वितळण्याचं घे. डेल्टा एच ६.०१ किलोजूल प्रति मोल, डेल्टा एस २२ जूल प्रति केल्विन प्रति मोल, तापमान २७३ केल्विन. एककं न बदलता केलंस तर ६.०१ वजा ६००६, म्हणजे उणे सहा हजार. बदलून केलंस तर ६.०१ वजा ६.००६, म्हणजे जवळपास शून्य. आणि शून्यच यायला पाहिजे! शून्य अंश सेल्सिअसला बर्फ आणि पाणी दोघं समतोलात असतात ना? उणे सहा हजार आलं की पेपर तिथंच थांबवायचा, कारण त्या उत्तराचा अर्थ बर्फ स्फोट झाल्यासारखा वितळला पाहिजे.

आर (वायू स्थिरांक) ची पण तीच तऱ्हा. ८.३१४ कधी आणि ०.०८२१ कधी हे एकक बघून ठरतं, सवयीनं नाही. प्रत्येक ओळीत आकड्याशेजारी एकक लिही. सुरुवातीला कंटाळा येईल.

आणि पार्शल डेरिव्हेटिव्हला घाबरू नको. दाब स्थिर ठेवून तापमान हलवलं तर काय होतं, एवढंच ते विचारत असतं. मायनरला मॅथ्स घेतलंयस का?

निवृत्ती_चौक
मॅडम, हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. आमचा हा प्रयोग मागच्याच महिन्यात झाला, पिवळं पाणी मी फेकूनसुद्धा दिलं, का पिवळं हे विचारायचं सुचलं नाही.
गवळी सर, मायनर फिजिक्स आहे. मॅथ्स बारावीचंच.

शिरोली_नाका
मी बी.एस्सी. करून फौंड्रीच्या लॅबला लागलो, अजून तिथंच आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडं आपल्या पोरांना काम आहे. फक्त काम काय असतं ते आधी समजून घे.

भट्टीतनं लोखंड ओतायच्या आधी एक छोटा चमचा तांब्याच्या साच्यात ओततात. ती नाण्यासारखी चकती एकदम थंड झाली पाहिजे. तोडून बघितली तर आत पांढरी दिसली पाहिजे. करडी दिसली म्हणजे कार्बन ग्राफाइट होऊन बसला, मग स्पेक्ट्रोवर (ठिणगीच्या उजेडावरून धातूतले घटक मोजणारं यंत्र) कार्बनचं रिडिंग खोटं येतं. चकती घासून स्पार्क मारायचा, काही सेकंदांत सगळी टक्केवारी पडद्यावर. मग कार्बन इक्विव्हॅलंट काढायचा: कार्बन अधिक सिलिकॉन-फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा. कार्बन ३.४, सिलिकॉन २.१, फॉस्फरस ०.०६ असेल तर ४.१२. भट्टीवाला तोवर शिट्ट्या मारत असतो, "ओ लॅब, सोडू का?" चूक आकडा दिला तर अख्खी हीट (भट्टीतला एका वेळचा सगळा रस) रिजेक्ट.

बारावीला सोडियम सिलिकेट वाचलं असशील. आमच्याकडं वाळूत तेच मिसळून कोअर (साच्यात पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) करतात आणि वरनं कार्बन डायऑक्साइड सोडतात. काही सेकंदांत वाळूचा दगड! सिलिकेटमधनं सिलिका जेल सुटून कण धरून ठेवतं. हे मला कॉलेजात कुणी दाखवलं असतं तर तो धडा आयुष्यात विसरलो नसतो.

माझं मत विचारशील तर आधी दोन वर्षं नोकरी कर, मग एम.एस्सी.चं बघ.

राधानगरीकर
शिरोलीकर, कामाबद्दल तुम्ही लिहिलंय ते एक नंबर. पण शेवटच्या ओळीला माझा विरोध. पगार सुरू झाला की घरच्या गरजाही त्याच्याबरोबर वाढतात. मग बाईकचा हप्ता, बहिणीचं लग्न. परत वर्गात जाऊन बसणारे मी फार कमी बघितलेत. शिकायचं असेल तर सलग शीक.

मी जॅम देऊन बाहेर पडलो, आता पीएच.डी. चालू आहे. जॅमचं थोडक्यात: तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क. तीन प्रकारचे प्रश्न. पहिला नेहमीचा एक पर्याय बरोबर असलेला, चुकला तर त्या प्रश्नाच्या मार्कांचा तिसरा हिस्सा कापतात. दुसऱ्यात एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात, निगेटिव्ह नाही, पण सगळे बरोबर पर्याय धरले तरच मार्क. तिसऱ्यात आकडाच टाइप करायचा, तिथंही निगेटिव्ह नाही. कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच असतो. परीक्षा फेब्रुवारीत, पण फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला भरावे लागतात आणि आपल्याकडची पोरं दिवाळी झाल्यावर जागी होतात. आयआयटींबरोबर एनआयटींचे आणि बंगळूरच्या आयआयएस्सीचे काही प्रवेशही याच गुणांवर होतात.

विद्यापीठाच्या पेपरला "टीप लिहा" असतं, जॅमला नसतं. मॅडमनी सांगितलं तसं शिकलेलाच तिथं टिकतो. जुने पेपर जॅमच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतात, आधी ते सोडव. एनपीटीईएलची (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) लेक्चर्सही फुकट आहेत. इंग्रजी जड जात असेल तर वेग कमी करून ऐक, मी तसंच केलं. कोचिंगची फी त्यानंतर बघू.

आणि आता चार वर्षांचा ऑनर्सचा पर्याय आलाय तो पण नीट समजून घे. तिसऱ्या वर्षी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष केलंस तर पुढं एम.एस्सी. एका वर्षात होऊ शकते. यूजीसीच्या नियमात संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सेमिस्टरचे ७५ टक्के लागतात, म्हणजे आतापासूनच्या सेमिस्टरचा हिशेब धरला जाणार. तुझ्या कॉलेजात चौथं वर्ष आहे का, हे ऑफिसात विचार.

शिरोली_नाका
राधानगरीकर, ज्याच्या घरी कमावतं कुणी नाही त्याला सलग शिकणं जमत नाही ओ. बाकी बरोबर आहे.

राधानगरीकर
ते मान्य. त्याच्या घरची परिस्थिती त्यालाच माहीत.

भोगावतीकाठ
मामाच्या बाजूनं कुणीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी. साखर कारखान्यात लॅब केमिस्ट म्हणून सुरुवात केली, आता बऱ्यापैकी वर आहे.

सीझनला शिफ्ट ड्युटी, रात्रपाळी आलीच. दर तासाला रसाचा नमुना. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेलं एकूण किती, पोल म्हणजे त्यातली साखर किती. पोलला शंभर भागिले ब्रिक्स म्हणजे प्युरिटी. रस गढूळ असतो, पोलॅरिमीटरमधून (साखरेनं प्रकाश किती वळतो ते मोजणारं यंत्र) आरपार काही दिसत नाही, म्हणून बेसिक लेड ॲसिटेट टाकून गाळायचा. (हे शिसं आहे. हात न धुता भाकरीला बसणारे केमिस्ट मी बघितलेत, तू तसं करू नको.) गाळलेलं स्वच्छ द्रावण नळीत भरायचं, नळीत बुडबुडा ठेवायचा नाही, आणि वाचायचं.

आता गंमत ऐक. तुमच्या फिजिकलच्या प्रॅक्टिकलला "इन्व्हर्जन ऑफ केन शुगर" असतं का? साखरेचं ॲसिडमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. साखर प्रकाशाला उजवीकडं वळवते, अधिक ६६.५ अंश. ग्लुकोज अधिक ५२.७, पण फ्रुक्टोज उणे ९२. दोघं मिळून सरासरी उणे वीसच्या आसपास. म्हणून रिडिंग उजवीकडनं घसरत शून्यावर येतं आणि डावीकडं जातं. रिॲक्शनचा वेग असा आकड्यात पहिल्यांदा मोजला तो याच प्रयोगात, विल्हेल्मी नावाच्या जर्मन माणसानं, १८५० साली. आपलं करवीर नगर वाचन मंदिर पण १८५० चंच. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, पण तेव्हापासून मला साल पाठ आहे.

आणि हेच इन्व्हर्जन आमच्या पोटावर पाय देतं. ऊस तुटला की त्याच्यातलं एन्झाइम आणि वरचे जंतू तीच रिॲक्शन करायला लागतात. यार्डात गाड्या ऊन खात उभ्या राहिल्या की साखर ग्लुकोज-फ्रुक्टोज होऊन जाते, ते काही पोत्यात भरता येत नाही, मळीतनं निघून जातं. शेतकरी म्हणतो वजन घटलं, आम्ही म्हणतो पोल घटला. चुना घालून रसाचा सामू सातच्या आसपास राखायचा तोही त्यासाठीच. आंबट झाला तर इन्व्हर्जन. जास्त चुना झाला तर ग्लुकोज-फ्रुक्टोज फुटून रंग काळवंडतो.

तर मामाला नाही म्हणू नको. पण डिग्री पूर्ण करून जा. आणि जायचंच ठरलं तर पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे साखर आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे कोर्स असतात, ते केल्याशिवाय वरच्या खुर्चीवर बसवत नाहीत. एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नव्या पोराला बऱ्याच ठिकाणी सीझनपुरतंच घेतात. ऑफ सीझनला काय करायचं हे मामाला विचारून घे.

खासबाग
काका, मी कॉमर्सवाला असून हे शेवटपर्यंत वाचलं. आता शिळ्या उसाचा रस पिताना प्रत्येक घोटाला उणे वीस आठवणार.

कागलकर_पालक
माझी मुलगी बारावीला आहे आणि तिलाही केमिस्ट्रीच घ्यायची आहे. सगळे प्रतिसाद वाचले. फौंड्री, कारखाना, रात्रपाळी. मुलींनी काय करायचं? घरात सासूबाई आत्तापासून म्हणतात, बी.एस्सी. बी.एड. करून शाळेत लागू दे.

ब्युरेटवाली
काकू, मी फार्मा कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. आमच्या विभागात बऱ्याच मुली आहेत. दिवसभर एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणं), डिझोल्यूशन (गोळी किती वेळात विरघळते ते बघणं), आणि त्याहून जास्त कागदपत्रं. खाडाखोड केली तर एकच रेघ मारून सही आणि तारीख, व्हाइटनर लावला तर नोकरी धोक्यात. कोल्हापुरात अशा जागा कमी, त्यामुळं पुणे, गोवा किंवा लोटे परशुरामकडं जायची तयारी लागते. नुसत्या बी.एस्सी.वर सुरुवातीचा पगार हातात घेऊन आनंद होईल असा नसतो, हेही सांगते. ॲनॅलिटिकलमध्ये एम.एस्सी. केलेलीला लवकर वर घेतात. बी.एड. वाईट नाही, पण तो तिचा निर्णय असू दे.

मूळ धागाकर्त्याला एक विचारते. तुमच्या लॅबमध्ये टायट्रेशनची रिडिंग खरी लिहिता का? माझ्या कॉलेजात (नाव नको) फळ्यावर "अपेक्षित रिडिंग" लिहून द्यायचे आणि सगळ्यांच्या जर्नलमध्ये १०.२, १०.२, १०.२. कंपनीत आल्यावर पहिला महिना मला पिपेट धरायला परत शिकावं लागलं. इंटरव्ह्यूला कुणी मार्क विचारत नाहीत, "परमँगनेटचं स्टँडर्डायझेशन (द्रावणाची नेमकी तीव्रता ठरवणं) कसं करशील" हे विचारतात.

निवृत्ती_चौक
ताई, खरं सांगू? आम्हीपण दोन खरी घेतो आणि तिसरं जुळवतो. आणि परमँगनेटचंच माझं अडकलंय. ऑक्झॅलिक ॲसिडशी करताना गेल्या खेपेला फ्लास्कमध्ये चहासारखं तपकिरी झालं, सर म्हणाले परत कर, वेळ संपली. कशानं झालं?

ब्युरेटवाली
बहुतेक सल्फ्युरिक ॲसिड कमी पडलं, नाहीतर थंड फ्लास्कमध्ये भराभर ओतलंस. ॲसिड भरपूर असेल तर परमँगनेटमधलं मँगनीज पार बिनरंगी आयनापर्यंत उतरतं. कमी पडलं की मध्येच मँगनीज डायऑक्साइडवर अडकतं, तेच ते तपकिरी.

रंकाळा_वेस
बरोबर निदान. त्यात भर घालते.

ऑक्झॅलिक ॲसिड ०.१ नॉर्मल करायचं तर लिटरला ६.३ ग्रॅम, अडीचशेच्या फ्लास्कला १.५७५. वजनाची बाटली पाण्यानं धुऊन ते पाणीसुद्धा फ्लास्कमध्येच घाल. पिपेटनं १० मिली घेतलंस की डायल्यूट सल्फ्युरिक हात आखडता न घेता घाल. हायड्रोक्लोरिक चालणार नाही, त्याचंच क्लोरीन होतं आणि ब्युरेट फुकट खर्ची पडते. मग ६० ते ७० अंशांपर्यंत गरम. उकळू द्यायचं नाही, ऑक्झॅलिक ॲसिड स्वतःच फुटायला लागतं.

पहिला थेंब टाकलास की गुलाबी रंग रेंगाळतो. इथंच मुलं एंड पॉइंट आला समजतात. थांब, हलव, रंग जाईपर्यंत दुसरा थेंब नको. एकदा थोडं मँगनीज आयन तयार झालं की तेच पुढच्या रिॲक्शनला वेग देतं, मग थेंब पडताक्षणी रंग नाहीसा होतो. हे ऑटोकॅटॅलिसिस, हमखास वायवाचा (तोंडी परीक्षेचा) प्रश्न. शेवटी फिकट गुलाबी अर्धा मिनिट टिकला की नळ बंद. परमँगनेट गडद असतं, त्यामुळं ब्युरेटमध्ये खालची कड दिसत नाही. वरची कड वाचायची, सुरुवातीलाही आणि शेवटीही.

आणि तिसरं रिडिंग जुळवू नकोस. १०.१, १०.३, १०.२ आलं तर तसंच लिही. परीक्षक जर्नल बघताना मला तिन्ही सारखी दिसली की मी आधी पिपेट हातात देते.

निवृत्ती_चौक
मॅडम, शुक्रवारी बॅच आहे. फ्लास्क गरम केल्यावर थर्मामीटर आतच ठेवायचा की काढायचा? त्याला चिकटलेला थेंब जातो ना.

रंकाळा_वेस
तापमान बघून काढायचा, आणि काढताना वॉश बॉटलनं फ्लास्कमध्येच धुऊन घ्यायचा. थर्मामीटर मिळाला नाही तर फ्लास्कची मान हाताला सोसेल-न सोसेल इतकी तापली की बस्स. टायट्रेशन करता करता निवला तर पुन्हा तापव.

शिरोली_नाका
आणि परमँगनेट तपकिरी बाटलीत ठेवत जा रे, खिडकीत नको. उजेडानं उतरतं.